२८० फुटांखालचा चुना

फोर्टातल्या एका जुन्या दगडी भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायचं काम ऐन मे महिन्यात चाललं होतं. परांचीवर बसलेला गवंडी घमेल्यातलं करडं सिमेंट थापीच्या टोकावर घ्यायचा, दोन दगडांमधल्या फटीत दाबायचा आणि वरून बोटभर रुंदीची उठावदार रेघ ओढायचा. हात सराईत होता. एकही रेघ वाकडी नव्हती. दगडावर सांडलेलं सिमेंट तो लगेच ओल्या फडक्यानं पुसून घेत होता. खालून जाणारे दोघेतिघे थांबले, "आता कशी नवी दिसतेय" म्हणाले आणि पुढे गेले. त्या कामात हलगर्जीपणा कुठेच नव्हता, आणि म्हणूनच ते दृश्य पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. मन लावून, निगुतीनं केलेलं ते काम त्या भिंतीला काही पावसाळ्यांत आतून पोखरणार होतं, आणि ते करणाऱ्याला, करवून घेणाऱ्याला आणि बघणाऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती.

भिंत कुर्ल्याच्या पिवळसर दगडाची होती. हाच दगड तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, ओव्हल मैदानासमोर, मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि राजाबाई टॉवरला आहे. म्हणून त्या करड्या रेघा बघताना मन सारखं तिकडे धावत होतं. दगडी इमारतीकडे बघताना आपण दगड बघतो. पण इमारत उभी राहते ती दगडांच्या मधल्या जागेवर. ती जागा चुन्याची. चुन्याचा दगड भट्टीत भाजला की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की उकळ्या फुटतात, वाफा निघतात. मग रेती आणि सुर्खी, म्हणजे विटांची पूड, घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. भिंतीत गेल्यावर तोच चुना हवेतला कर्बवायू पुन्हा हळूहळू शोषून घेतो आणि परत दगड होऊ लागतो. याला महिने लागतात, जाड भिंतीच्या पोटात वर्षं लागतात. तोवर चुना थोडा मऊ राहतो, भिंतीच्या बारीक हालचाली सहन करतो. केसाएवढी चीर पडली तर झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेला चुना त्या चिरेतच पुन्हा बसतो आणि ती बुजवतो. सिमेंट यातलं काही करत नाही. ते चुन्यापेक्षा कितीतरी कडक आणि जवळजवळ बंद असतं. पावसात भिंतीत शिरलेलं पाणी पूर्वी चुन्याच्या दर्जातून बाहेर पडायचं. ती वाट बंद झाली की ते दगडातून निघतं. निघताना बरोबर आणलेले क्षार दगडाच्या वरच्या थराच्या मागे साठवतं. क्षारांचे स्फटिक वाढतात, थर सुटतो, पापुद्रे गळतात. काही वर्षांनी अशा भिंतीवर सिमेंटच्या रेघा बाहेर डोकावत राहतात आणि त्यांच्या मधले दगड खोल गेलेले असतात.

झिजायचं ते दर्जानं, दगडानं नाही, असा हा जुना हिशेब आहे.

राजाबाई टॉवरबद्दल मात्र लोकांना वेगळी गोष्ट ठाऊक असते. प्रेमचंद रायचंदांच्या आई, राजाबाई, यांना दिसत नसे. जैन धर्माप्रमाणे त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवायचं असे. कुणाला न विचारता वेळ कळावी म्हणून मुलानं घड्याळाचा मनोरा उभारला. मैदानाच्या कडेला उभं राहिलं की दर थोड्या वेळानं कुणीतरी कुणाला तरी हे सांगताना ऐकू येतं. गोष्ट गोड आहे, तिला हात लावावासा वाटत नाही. पण त्या मनोऱ्यामागे पैशाची जी गोष्ट आहे ती मला जास्त धरून ठेवते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत प्रेमचंद शहरातले सर्वात मोठे सटोडिये झाले. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. शहराला भूषण ठरेल अशी इमारत व्हावी एवढीच त्यांची इच्छा होती. त्याच वर्षी घड्याळाच्या मनोऱ्यासाठी, आईचं नाव देण्याच्या अपेक्षेनं, आणखी दोन लाख दिले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, बँका बुडाल्या, घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली आणि प्रेमचंदही त्यात गेले. विद्यापीठाला दिलेले पैसे मात्र विद्यापीठाकडेच राहिले. ज्या तेजीनं शहर होरपळलं तिच्यातला एवढा एक तुकडा दगड होऊन उभा आहे. त्याकडे बघताना कौतुक वाटतं आणि अस्वस्थही व्हायला होतं, आणि दोन्हींतलं एक निवडणं मला जमत नाही.

विद्यापीठ स्थापन झालं १८५७ मध्ये, पण पुढची बरीच वर्षं त्याला स्वतःची इमारत नव्हती. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते परीक्षा घेऊन पदव्या देणारं विद्यापीठ होतं, शिकवणं कॉलेजांत चालायचं. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८६२ मध्ये पहिल्या पदवीधरांच्या तुकडीत बाहेर पडले तेव्हा आज आपण ज्याला विद्यापीठ म्हणून ओळखतो त्यातला एक दगडही जागेवर नव्हता. किल्ल्याची तटबंदी पाडायचं काम तेव्हा नुकतंच हाती घेतलं जात होतं. तट गेले, खंदक बुजले, एस्प्लनेडची मोकळी जागा हाती आली आणि तिच्या कडेनं समुद्राकडे तोंड करून एक अख्खी रांग उभी राहिली: सचिवालय, विद्यापीठाचं सभागृह, ग्रंथालय, हायकोर्ट. आज समोर आर्ट डेको, म्हणजे विसाव्या शतकातल्या भौमितिक शैलीच्या, इमारतींची ओळ आहे. बॅकबेच्या समुद्रात भरणी होऊन ती उभी राहीपर्यंत या पश्चिमेच्या भिंती आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये मैदान, रेल्वेची लाईन आणि वारा एवढंच होतं. या भिंतींनी पहिली पन्नाससाठ वर्षं खारा वारा थेट अंगावर घेतला आहे. त्यांच्या दगडाची आजची तब्येत समजून घ्यायची तर हे विसरून चालत नाही.

दोन्ही इमारतींचे नकाशे लंडनमध्ये बसून जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनं काढले. सेंट पँक्रस स्टेशनचं हॉटेल आणि अल्बर्ट स्मारक ज्याचं, तोच हा. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. सभागृह १८७४ मध्ये पुरं झालं. ग्रंथालयाची आणि मनोऱ्याची कोनशिला १ मार्च १८६९ रोजी बसली आणि काम नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं. स्कॉट त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वारला. म्हणजे नकाशा काढणाऱ्यानं इमारत पाहिली नाही आणि बांधणाऱ्यांनी नकाशा काढणाऱ्याला पाहिलं नाही. मला यात उणेपणा दिसत नाही. स्कॉटनं लंडनमध्ये बसूनही उन्हाचा विचार केला होता हे जागेवर कळतं. पश्चिमेला खुले सज्जे, कमानींच्या ओळी आणि कोपऱ्यांवर जाळीदार उघडे चक्री जिने आहेत. इंग्लंडात असे जिने भिंतीच्या पोटात कोंडलेले असतात. इथे ते बाहेर काढून वाऱ्याला मोकळे केले, त्यामुळे चढताना दर वळणाला मैदान दिसतं. पण कागदावर काढलेली कमान कुठल्या खाणीच्या दगडात कशी घडेल, जुलैतला नैर्ऋत्येचा पाऊस कुठल्या कंगोऱ्यावरून कसा ओघळेल, हे नकाशा सांगत नाही. ते इथल्या इंजिनिअरांनी, पाथरवटांनी आणि गवंड्यांनी ठरवलं.

दगडाची निवडच घ्या. मुंबईचा हक्काचा दगड काळा. तो पायाला आणि जोत्याला उत्तम, पण त्यावर पानाफुलांची कोरीव नक्षी काढायची म्हणजे टाकीला दर थोड्या वेळानं धार लावत बसायचं, आणि एवढं करून ती नक्षी काळ्यावर काळी, दुरून दिसणारही नाही. पोरबंदरचा चुनखडीचा दगड याच्या दुसऱ्या टोकाला. फिकट, मऊ आणि कोरायला सुखाचा. खाणीतून ताजा आलेला असताना तर फारच. कुर्ल्याचा दगड या दोघांच्या मधला. काळ्यापेक्षा घडवायला सोपा, पोरबंदरीपेक्षा टिकाऊ, आणि रंग पिवळसर, उन्हं कलली की खुलणारा. म्हणून भिंतीचं अंग कुर्ल्याचं आणि बारीक कोरीव काम पोरबंदरी दगडाचं अशी वाटणी झाली. वाटणी शहाणी आहे, तरी तिची किंमत आहेच. पोरबंदरी दगड मुळात चुनखडी. शहराच्या हवेतला गंधकाचा धूर आणि ओल एकत्र आली की त्याच्या पृष्ठभागाचं जिप्सम, म्हणजे पाण्यात थोडं विरघळणारं मऊ खनिज, होतं. जिथे पाऊस धुऊन नेतो तिथे कोरीव काम हळूहळू गुळगुळीत होत जातं. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे कमानीच्या आतल्या कडेला, छज्जाखाली, मूर्तीच्या हनुवटीखाली, तिथे ते जिप्सम काजळी धरून काळी खपली बनतं. वरून ही खपली नुसता मळ वाटते. खाली दगड भुसभुशीत झालेला असतो, आणि ती खरवडून काढली की नक्षीही तिच्याबरोबर निघून येते.

मनोरा खालून वर बघत जावा. तळाशी बग्गी येऊन थांबायचा पोर्च, २६ फूट चौरस. म्हणजे २८० फुटांच्या दगडाच्या ढिगाखाली मधोमध पोकळी आहे, आणि सगळं वजन कमानींवरून कोपऱ्यांतल्या खांबांत उतरतं. कमान वजन नुसतं खाली देत नाही, बाजूलाही रेटते. तो रेटा आवरायला कोपऱ्यांवर भरपूर दगड लागतो. अशा टोकदार कमानींच्या गॉथिक इमारतीत कोपऱ्याकोपऱ्यावर उभे केलेले टोकदार कळस शोभेचे वाटतात खरे, पण त्यांच्या वजनानं बाजूचा रेटा खाली वळतो. एखादा कळस धोकादायक झाला म्हणून उतरवून ठेवणं आणि पुन्हा न बसवणं हे त्यासाठीच वाटतं तितकं निरुपद्रवी नसतं. जमिनीपासून ६८ फुटांवर पहिला सज्जा येतो. तिथपर्यंत मनोरा चौकोनी आहे. त्याच्यावर तो अष्टकोनी होतो आणि पुढे ११८ फूट चढतो. वरचे ९४ फूट शेवटच्या टप्प्याचे, कळसासकट. चौकोनाचा अष्टकोन करायचा म्हणजे चार कोपरे उघडे पडतात. त्यांच्यावर तिरप्या कमानी टाकून, वर छोटे मनोरे बसवून ती जागा भरतात. बघणाऱ्याला हा बदल इतका सहज वाटतो की नजर तिथे अडखळत नाही. देखभाल करणाऱ्याची नजर मात्र नेमकी तिथेच अडखळायला हवी. आडवी जागा म्हणजे पाणी साचायची जागा. सज्जाची फरशी, मनोऱ्यांच्या मागची खाच, कठड्याला लागून जाणारी अरुंद पन्हळ, यांतली एक जरी तुंबली तरी पाणी उलटं भिंतीत शिरतं, आणि डाग दिसतो तो कितीतरी फूट खाली, भलत्याच खोलीत.

घड्याळाच्या चारी तबकड्या दुधी काचेच्या, साडेबारा फूट व्यासाच्या, रात्री मागून उजळणाऱ्या. पूर्वी घंटा १६ धुना वाजवायच्या. आता दर पाव तासाला एकच धून वाजते. दुपारी मैदानावर तीनचार सामने एकदम चाललेले असतात आणि त्या गलक्यातूनही ती ऐकू येते.

जमिनीपासून साधारण १०० फुटांवर कोनाड्यांत मूर्ती आहेत, आणि आणखी काही त्याहून वर, तबकड्यांच्याही वरच्या अंगाला. सगळ्या मिळून २४. पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमाती, त्यांच्या पगड्या, पागोटी, पोशाख. घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. ते कामावरचे असिस्टंट इंजिनिअर होते. प्रत्येक मूर्ती आठ फूट उंच, पोरबंदरी दगडातली. हे माप मोठं वाटतं, पण मैदानात तीनशे फूट मागे जाऊन बघा. हात पुढे ताणून करंगळी धरली तर तिच्या रुंदीपेक्षा मूर्ती जेमतेम थोडी उंच दिसते. एवढ्या लांबून बारीक नाकडोळे कोरून उपयोग नसतो. पगडीचा घेर, उपरण्याचा झोल, हातातल्या वस्तूची बाह्यरेषा यांच्यावरच सगळं अवलंबून. सावली पकडायला घड्या नेहमीपेक्षा खोल कापाव्या लागतात, आणि खालून बघताना पुढे आलेलं पोट चेहरा झाकणार नाही अशी मूर्तीची ठेवण करावी लागते. मुकुंद रामचंद्रांना हे पक्कं ठाऊक होतं. दुर्बीण लावून बघितलं तर या मूर्ती नमुने म्हणून उभ्या केलेल्या वाटत नाहीत, माणसं वाटतात.

हे लिहिताना मनात किंतू आहेच. माणसांची जातवार यादी करून ती इमारतीवर चढवायची ही दृष्टी राज्यकर्त्यांची. त्याच काळात त्यांचे मोजणी करणारे, फोटो काढणारे, वजनमापं घेणारे गावोगाव फिरत होते. चर्चवर संत असतात त्या जागी इथे प्रजेचे नमुने आले. मात्र ते घडवायचं काम ज्या माणसाकडे आलं त्याला या पगड्या पुस्तकातून शिकायच्या नव्हत्या. त्या त्याच्या रोजच्या रस्त्यावर होत्या. मागणी एकाची, नजर दुसऱ्याची, आणि दगडात दोन्ही एकत्र गोठलेली. स्कॉटचं नाव प्रत्येक फलकावर, प्रत्येक माहितीपत्रकात येतं. मुकुंद रामचंद्र हे नाव अजून कितीतरी मराठी माणसांनी ऐकलेलं नाही, याचं वाईट वाटतं.

शेजारचं सभागृह कावसजी जहांगीर यांच्या देणगीतलं. हिरवळीवर त्यांचा बसलेला पुतळा आहे. सभागृह १०४ फूट लांब, ४४ फूट रुंद, छताच्या माथ्यापर्यंत ६३ फूट उंच. एका टोकाला ३८ फूट व्यासाचा अर्धगोल, त्याच्यापुढे मोठी कमान, आणि तीन बाजूंनी आठ फूट रुंद गॅलरी. ती ओतीव लोखंडाच्या नक्षीदार घोड्यांवर तोललेली आहे. चक्राकार मोठी खिडकी २० फूट व्यासाची, तिच्या कडेनं बारा राशींच्या रंगीत काचा. तेलंग, भांडारकर, रानडे यांच्या पिढीपासून पुढे कित्येक पिढ्यांनी या छताखाली काळे झगे घालून उन्हाळ्याउकाड्यात तास काढले आहेत. मुंबईच्या उन्हात रंगीत काचेचं काम इंग्लंडपेक्षा वेगळं. तिथे ती अंधाऱ्या आभाळाखाली रंग पेटवते. इथे ती आधी लखलखाट मारते आणि मग रंग देते. आत शिरल्यावर पहिली काही मिनिटं डोळ्यांना ओढ बसते ती यामुळेच.

या सभागृहात बोलायला उभं राहणाऱ्याला एक अडचण मात्र हटकून येते. दगड, काच आणि उंची, तिन्ही आवाज परत फेकणारी. सभागृह रिकामं असताना वाक्याचा शेवट पुढच्या वाक्याच्या सुरुवातीवर येऊन पडतो. माणसं भरली की कपडे आणि शरीरं आवाज पितात आणि बोलणं सुधारतं. इमारत बांधली तेव्हा सभागृहातल्या आवाजाचं गणितच मांडलेलं नव्हतं, ते १९०० च्या सुमाराला मांडलं गेलं. त्यामुळे यात कुणाची चूक नाही. उपाय एकच: सावकाश बोला, वाक्य संपल्यावर थांबा. भिंतींवर आवाज शोषणारे पडदे किंवा फळ्या ठोकायची सूचना अशा ठिकाणी कधी ना कधी पुढे येतेच. दगडात एकदा खिळा गेला की त्या भोकातून ओल आत शिरते, म्हणून ती सूचना तिथल्या तिथे नाकारायला हवी.

रंगीत काचांचं दुखणं काचेत कमी आणि तिला धरणाऱ्या शिशाच्या पट्ट्यांत जास्त. शिसं मऊ असतं. पश्चिमेच्या उन्हात ते दुपारी फुगतं, रात्री आक्रसतं, आणि वर्षानुवर्षं स्वतःच्या वजनानं खाली बसत जातं. मग खिडकीचा तुकडा मधोमध पोट काढतो. तो हातानं दाबून सरळ करायला गेलं की काच तडकते. तो भाग चौकटीतून सोडवायचा, आडवा ठेवायचा, आधी प्रत्येक तुकड्याची जागा कागदावर घासून उतरवून घ्यायची, जीर्ण पट्ट्या बदलायच्या, सांधे डाख लावून जोडायचे, फटींत लांबी (पुट्टी) भरायची. काचेवर रंगवलेल्या रेषा भट्टीत पक्क्या केलेल्या असल्या तरी आर्द्र हवेत सुटू लागतात, म्हणून पुसताना साबण, अमोनिया, खरखरीत फडकं काही चालत नाही. स्वच्छ पाणी आणि कापूस, तोही आधी कोपऱ्यात करून बघून.

खरा शत्रू लोखंड. दगड एकमेकांना धरून राहावेत म्हणून आतून लोखंडी चिमटे घालण्याची पद्धत होती. ते कोरडे आहेत तोवर कुणाला त्यांची आठवण येत नाही. दर्जा उघडा पडला, पाणी शिरलं, गंज चढला की लोखंड मूळच्या कित्येक पट जागा मागतं आणि दगड आतून फोडतं. अशी चीर ओळखता येते. ती दर्जाच्या बाजूनं न जाता दगडाच्या अंगातून सरळ जाते आणि तिच्या कडेला तपकिरी ओघळ असतो. वरून कितीही भरा, गंजता चिमटा आत असेपर्यंत ती पुन्हा उघडणार. दगड सोडवून लोखंड काढावं लागतं आणि त्या जागी न गंजणारं पोलाद घालावं लागतं. पिंपळाचंही असंच. दर्जातून दोन पानं बाहेर आली की ती उपटायचा मोह होतो. वरचा कोंब हातात येतो, मूळ आत राहतं आणि पुढच्या पावसात दुप्पट जोमानं फुटतं. मूळ जाड झालं असेल तर ओढताना दगडही हलतो. खोड कापायचं, औषध लावून मूळ मारायचं, सुकू द्यायचं, आणि मगच दगड सोडवून ते काढायचं.

आता त्या दर्जांकडे येतो, कारण सगळं शेवटी तिथेच येतं. जुनं सिमेंट काढायला मशीन लावलं की काम पटापट होतं आणि दगडांच्या कडा कायमच्या कापल्या जातात. बारीक टाकी आणि हलका हातोडा घेऊन हातानंच काढावं लागतं. दर्जाच्या रुंदीच्या निदान दुप्पट खोल जावं लागतं, नाहीतर नवा चुना धरत नाही. मग आतली धूळ झाडायची, पाण्यानं धुवायचं आणि दगड ओला असताना, पण वर पाणी तरंगत नसताना, भरायला घ्यायचं. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली, क्षार नसलेली रेती, जागेप्रमाणे थोडी सुर्खी. समुद्राची रेती वापरली तर क्षार आपणच आत नेऊन ठेवतो. खोल फट असेल तर एका दमात भरायची नाही, थरावर थर द्यायचा. शेवटचा थर दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवायचा. थोडा आवळल्यावर ब्रशनं ठोकून घ्यायचा, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि भिंतीतली ओल बाहेर येते. वर पुढचे काही दिवस ओलं गोणपाट. चुन्याला सावकाश सुकू द्यावं लागतं. मे महिन्याच्या उन्हात तो घट्ट व्हायच्या आधीच कोरडा पडतो आणि बोटानं उकरता येतो. पावसात तर वाहूनच जातो. मुंबईत या कामाला पावसाळा सरल्यावरचे थंडीचे महिनेच चांगले, आणि पैसे मंजूर होऊन हातात येतात ते बहुतेकदा मार्चअखेर. कितीतरी जुन्या भिंतींवर सिमेंट चढतं ते अज्ञानानं तितकंच या घाईनं. सिमेंट दुसऱ्या दिवशी कडक होतं, बिल लगेच निघतं.

विद्यापीठाच्या या आवाराला त्या मानानं चांगले हात लाभले. सभागृहाचं जतन २००६ मध्ये झालं. मनोऱ्याचं आणि ग्रंथालयाचं काम २०१५ मध्ये पुरं झालं. काचा, लाकूड, दगड, सगळं त्या त्या कामाच्या जाणकारांनी हाताळलं. २०१८ मध्ये ओव्हलभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. मैदानाच्या एका बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला काँक्रीट, एकमेकांकडे तोंड करून. यादीत नाव आल्याचा आनंद मोठा होता. त्याच वेळी मनात येत होतं की यादी इमारतीला पाडण्यापासून वाचवते, पण तुंबलेल्या पन्हळीपासून तिला कुणी वाचवायचं? चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या शहरात दहापंधरा वर्षांतून एकदा मोठं जतनकार्य आणि मधल्या वर्षांत काहीच नाही, हे गणित बसत नाही. दर वर्षी थोडा खर्च केला तर मोठ्या कामाची वेळ कितीतरी पुढे जाते. पण दर वर्षीच्या थोड्या खर्चाचं उद्घाटन करता येत नाही, त्याला देणगीदार मिळत नाहीत.

मूर्तींचा प्रश्न मला सर्वात अवघड वाटतो. पाऊस लागतो त्या बाजूच्या पोरबंदरी दगडाची झीज थांबवता येत नाही, मंदावता येते. झिजलेलं नाक नव्यानं कोरून बसवावं का? छायाचित्रांवरून नवी मूर्ती घडवून जुनी आत आणून ठेवावी का? युरोपात कित्येक चर्चेसनी तसं केलं आहे, आणि त्यामागचा विचार चुकीचा नाही. तरी माझा कौल आहे त्या मूर्ती आहेत तिथेच ठेवण्याकडे. वर आलेल्या पाण्याला वाट करून द्यावी, सुटू पाहणारा भाग चुन्याच्या बारीक लेपानं धरावा, काळी खपली ओल्या लगद्याचे पोटीस लावून हळूहळू मऊ करावी आणि चेहरे झिजले आहेत तसे झिजलेले असू द्यावेत. मुकुंद रामचंद्रांनी शंभर फुटांवरून वाचता येईल अशा बाह्यरेषा कोरल्या होत्या. नाक गेलं तरी पागोट्याचा घेर खालून अजून वाचता येतो. मात्र आज प्रत्येक मूर्तीची चारी बाजूंनी नीट मापं आणि छायाचित्रं घेऊन ठेवावीत आणि दर पाच वर्षांनी तीच पुन्हा घेऊन ताडून पाहावीत. किती झिजलं हे आकड्यांत कळलं की काय करायचं ते ठरवणं सोपं जातं.

आणि मे संपायच्या आत एक माणूस दोर बांधून वर चढवावा. त्यानं ६८ फुटांवरच्या सज्जापासून सुरुवात करावी, प्रत्येक पन्हळीतली कबुतरांची घाण आणि पाला हातानं काढावा, बादलीभर पाणी ओतून ते खालच्या नळातून बाहेर येतं का ते बघावं. जिथे येत नाही ती जागा वहीत लिहावी, तारीख घालून. ती वही पुढच्या वर्षी चढणाऱ्याच्या हातात पडेल अशी ठेवावी.